उपदेशानंतरचा सोमवार

डोंबिवली (पूर्व)

चि. भाच्यास,


ज्या रविवारी उपदेश मनासारखा होतो, नेमकं त्याच संध्याकाळी पाळकपण सोडून द्यावंसं वाटतं, असं तू लिहिलंस. उपदेशानंतर तुझ्या काकांचंही असंच व्हायचं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय, म्हणून ठामपणे सांगते: तुझा विश्वास खचलेला नाही, शरीर खचलंय. मंडळीपुढे उभं राहताना अंगात ॲड्रेनालिन चढतं, छाती धडधडते. ते उतरलं की माणूस रिकामा होतो, चिडतो. लंडनचा उपदेशक स्पर्जन हजारोंपुढे बोलायचा, पण पाळकाच्या खचण्यावर त्याने विद्यार्थ्यांना एक अख्खं व्याख्यान दिलंय. हिवाळ्यात तो फ्रान्समधल्या मांतोंला विश्रांतीसाठी जाई. १८९२ साली तिथेच वारला, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी.

एलीया संदेष्टा तर तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. कर्मेल डोंगरावर एवढा जय मिळाला आणि लगेच रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्याला बोध केला नाही. उठवून निखाऱ्यांवरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर आला. म्हणून रविवारी रात्री राजीनाम्याचा विचारच करायचा नाही, आणि उपदेशावर कोणी टीका केली तर उत्तरही द्यायचं नाही.

तुझा रविवारच बघ: सकाळी ठाण्यात उपासना, लगेच कमिटीची बैठक, दुपारी कल्याणची मंडळी, त्यात लोकलचा मेगाब्लॉक नेमका रविवारचा. एवढं करून रात्री कोणाच्या तरी घरी प्रार्थना. हे मला पटत नाही. बैठक आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी घ्या, असं स्पष्ट सांग. वडीलधारे रागावतील, रागावू देत.

आणखी एक. कीर्तनात पूर्वरंग संपला की भजन होतं आणि बुवांना दम खायला मिळतो. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, त्यांना ही सोय ठाऊक असणारच. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी पदं आहेत. उपदेशानंतर त्यातलं चांगलं लांब पद ठेव आणि तू खाली बस. माइकवर गाऊ नकोस, मंडळीला गाऊ दे. घसा बसला तर कोमट पाणी पी, वाफ घे. कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही घशाला ताण पडतो.

सोमवार तुझा. सकाळी येऊरला चालायला जा, फोन घरी ठेव. पुढच्या उपदेशाचं टिपण मंगळवारी काढ. आणि सूनबाईला विचार, तिचा सोमवार कोणता? रविवारी तीही सगळ्यांशी हसून बोलते, पाहुण्यांचा चहा करते, आणि रात्री तुझा उदास चेहराही तिलाच बघावा लागतो. तुझे काका गप्प बसले की माझ्यावरच रागावलेत असं मला किती वर्षं वाटायचं. तिला तसं वाटू देऊ नकोस. ‘उपदेशानंतर मला थोडा वेळ बोलवत नाही’, एवढं तिला आधीच सांगून ठेव.

येत्या रविवारी ठाण्याहून निघालास की डोंबिवलीला उतर. सूनबाईलाही आण. गरम जेवून दोघंही आतल्या खोलीत झोपा. कल्याणला उशीर होणार असेल तर तिथल्या सेक्रेटरींना मी कळवते.

तुझी,
मावशी