एक आक्षेप

हिशेबतपासनीस दाराशीं आला कीं कचेरींतल्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते, हें आम्हीं पस्तीस वर्षें पाहिलें. ती आठी सर्वस्वीं अन्यायाची असते, असें मात्र आमच्यानें म्हणवत नाहीं.

सन १९८४ मध्यें राज्यांच्या महालेखापाल कार्यालयांची लेखा आणि तपासणी अशी वांटणी झाली व आम्ही तपासणीच्या बाजूस गेलों. खात्याची परीक्षा नुकतीच दिलेली. वेतनाचे नियम जिभेवर. पुढल्याच वर्षीं एका तालुक्याच्या कचेरींत सेवापुस्तकें चाळतांना एका शिपायाला अकरा वर्षांपूर्वीं एक वेतनवाढ चुकून अधिक दिलेली आढळली. चूक कारकुनाची, शिपायाला वाचतांहि येत नव्हतें. आम्हीं आक्षेप लिहिला. तो त्याच महिन्यांत निवृत्त झाला आणि सारी रक्कम त्याच्या उपदानांतून कापली गेली. चूक दाखविणें आमचें काम, वसुली कचेरीची, अशी आम्हीं मनाची समजूत घातली. (नियमाप्रमाणें आम्ही बरोबरच होतों!) तपासणीचे चारहि दिवस चहा त्यानेंच आणून दिला होता, हें मात्र घरीं सांगवलें नाहीं.

१८ डिसेंबर २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रफिक मसीह खटल्यांत ठरविलें कीं, तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या नोकरांकडून, निवृत्तांकडून वा वर्षाच्या आंत निवृत्त होणारांकडून, तसेंच पांच वर्षांहून अधिक काळ दिलेली, अशी जादा रक्कम वसूल करूं नये. आमचा शिपाई तिन्ही कलमांत बसत होता.

आम्हीं त्या गांवीं पत्र टाकलें. मुलाचें उत्तर आलें : वडील २००१ सालींच वारले, पत्र कशासंबंधीं होतें?

तें उत्तर अजून आमच्या टेबलावर आहे.