अर्धचंद्र चावी



दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या धर्मग्रामातल्या आजारी आणि वृद्ध माणसांना परमप्रसाद द्यायला फादर घरोघरी जातात. त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आहे. गाडी म्हणजे पप्पांची १९८७ सालची बजाज चेतक. लिटरला वीस मिली ऑइल घालायचं, किक मारण्याआधी अंगावर तिरकी करायची, मग ती ऐकते. फादर नवीन आले तेव्हा हा विधी बघून हसले होते. आता ते स्वतःच बाजूला उभे राहून वाट बघतात.

या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी गाडीने पाय मागे फेकला. किक उलटी बसली, सायलेन्सरमधून एक बार निघाला आणि मग काहीच नाही. प्लग काढून बघितला तर ठिणगी छान निळी. पेट्रोलही येत होतं. मेस्त्रींनी मॅग्नेट उघडला आणि हातावर दोन तुकडे ठेवले, नखाएवढे. अर्धचंद्र चावी कापली गेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रँकच्या निमुळत्या टोकावर मॅग्नेटचं जड चाक बसतं. त्या टोकाला एक खाच असते, तिच्यात ही अर्ध्या चकतीसारखी चावी बसते. चाक नेमक्या जागी बसावं म्हणून ती असते. मला वाटायचं, चाकाचा सगळा जोर तीच पेलते. मेस्त्री म्हणाले, "नाही हो. जोर नटाने आवळलेल्या पकडीवर. चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला पडला की बिचारी एकटी सापडते, आणि कापली जाते." चावी कापली की चाक सरकतं. मग ठिणगी पडते, पण चुकीच्या वेळी.

दहा रुपयांची वस्तू असेल. मी तीन आठवडे शोधली.

चेतक १९७२ साली आली. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं आपल्याच घरांत होती. २००९ मध्ये कंपनीने स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं. आता चेतक म्हटलं की दुकानातला मुलगा बॅटरीवाली काढतो. ती २०२० पासूनची, नाव तेवढं तेच. बेळगावातली ओळखीची सगळी दुकानं झाली. एकजण म्हणाला, अख्खा क्रँक घ्या, चावी त्यात येते. दुसऱ्याने दुसऱ्याच गाडीची दिली, ती खाचेत हलत होती. मेस्त्रींनी ती परत पाठवली. हलणारी चावी नसलेलीच बरी, म्हणाले. पुण्याला नाना पेठेत भाच्याला पाठवलं, तोही ब्रेकची केबल घेऊन आला. (केबल माझ्याकडे तीन आहेत.) त्या महिन्यात फादर दुसऱ्या कुणाच्या गाडीवर गेले.

खरं सांगायचं तर ती चावी कुठे असणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. प्रत्येक दुरुस्तीला ते एक जास्तीचा भाग आणून त्यात टाकायचे. वाटणीच्या वेळी स्कूटर माझ्याकडे आली आणि डबा दादाकडे गेला. दादा खानापूरला राहतो. मागच्या खोलीवरून आमचं बिनसलं, त्याला आठ वर्षं झाली. घरातल्या लग्नातसुद्धा आम्ही वेगवेगळ्या पंगतीला बसलो.

मी या लेखासाठी लूकच्या १५ व्या अध्यायातली नाणं हरवलेली बाई मनाशी धरून ठेवली होती. दिवा लावून घर झाडणारी. माझ्या तीन आठवड्यांच्या पायपिटीला ती शोभली असती. पण ती आपल्या घरात शोधते, मी मुद्दाम जिथे नाही तिथे शोधत होतो. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मिस्सेत मत्तयाच्या ५ व्या अध्यायातलं शुभवर्तमान असतं. वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाकडे जायचं, ते. त्या दिवशी अर्पणाची थाळी मीच फिरवत होतो. माझ्या हाताला घाम आला.

शनिवारी तुटलेले तुकडे कागदात गुंडाळून खानापूरची बस धरली. दार वहिनींनी उघडलं. "या भावोजी," म्हणाल्या, जसा काही मी परवाच येऊन गेलो होतो. दादा बाहेर आला. मी काही न बोलता कागद पुढे केला. त्याने तुकडे उन्हात धरून बघितले आणि म्हणाला, "नट ढिला ठेवलास."

डबा पलंगाखाली होता. पॉइंट, कंडेन्सर, कार्ब्युरेटरची सुई, कॉकचे वॉशर, सगळं पप्पांच्या हाताने कागदात बांधलेलं, वर पेन्सिलीने नाव. तळाला दोन चाव्या. दादा उद्यमबागेत फिटर होता, त्याच्याकडे व्हर्नियर आहे. एक चावी पातळ निघाली. दुसरी केसभर जाड होती. ओट्यावर तेलाचा दगड ठेवून तो ती घासत बसला. मध्येच थांबून मोजायचा. मी तेल सोडत होतो. तासभर गेला असेल. खोलीचा विषय निघाला नाही, आणि तो अजून सुटलेलाही नाही, हे इथे लपवत नाही. निघताना त्याने पातळ चावीही कागदात घालून दिली. "राहू दे तुझ्याकडे," एवढंच म्हणाला.

मेस्त्रींनी पेस्ट लावून चाक टोकावर घासून बसवलं, चावी खाचेत ठोकली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी सहाला फोन वाजला. दादा होता.

"नट परत एकदा आवळून घेतलास का?"

नाही, म्हटलं.

"मग आधी आवळ, आणि मग फादरांना बसव."