ऐकू येतंय का?

परवा शनिवारी ऑफिसात बसून दोन स्विचेसवर यूडीएलडी लावत होतो. आता हे काय प्रकरण? सांगतो. फायबर लिंकला दोन कोअर असतात. एकातून बोलायचं, दुसऱ्यातून ऐकायचं. कधीकधी एकच कोअर जातो, पण पोर्टचा दिवा हिरवाच! मग स्पॅनिंग ट्री फसतो. ब्लॉक केलेल्या पोर्टवर बीपीडीयू येईनासे झाले की तो पोर्ट खुशाल उघडतो, लूप होतो आणि सगळं नेटवर्क आडवं. आमचं झालं होतं एकदा.

सिस्कोचा हा प्रोटोकॉल २००८ मध्ये आरएफसी ५१७१ म्हणून प्रसिद्ध झाला. उपाय साधाय. पोर्ट सहसा दर १५ सेकंदांनी आपलं नाव सांगतो, शिवाय 'तुझं नाव मला ऐकू आलं' हेही सांगतो. समोरच्याच्या निरोपात आपलं नावच नसेल तर पोर्ट बंद. ॲग्रेसिव्ह मोडमध्ये समोरचा नुसता गप्प झाला तरी आठ हाका मारून बंद. फक्त, दोन्ही टोकांना लावावं लागतं. एकीकडेच लावून उपयोग शून्य.

कमांड मारत असतानाच वैरागहून अण्णांचा फोन. पाऊस, तूर, बार्शीचे डॉक्टर... मी स्क्रीनकडे बघत "हं, हं". शेवटी तेच म्हणाले, "बरं, ठेवतो. कामात असशील."

काम संपलं आणि एकदम चरकलो. डॉक्टरांचं काय म्हणाले होते? लगेच फोन लावला.

"अण्णा, डॉक्टर काय म्हणाले?"

पलीकडे क्षणभर शांतता.

"आरं, मगाशी सांगितलं की तुला."