मिनिटाला ६० शब्द

८ जुलै २०२५ ला मीरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला, अख्ख्या महाराष्ट्राने टीव्हीवर बघितला. त्यावर पुन्हा भांडायला ही पोस्ट नाही. माझा प्रश्न साधा आहे. आपल्या मीरा-भाईंदरच्या मराठी शाळांत तिसरी संपवलेल्या किती पोरांना मराठी नीट वाचता येतं? आकडा आहे का कुणाकडे?

केंद्राने ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं. मुदत २०२६-२७. तिसरी संपताना मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचायचे, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचायच्या. सरकारी कागदात इतकं सरळ वाक्य क्वचितच सापडतं. कुठल्याही आईला कळेल असं.

घोळ आहे तो मोजण्यात. 'असर'वाले २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतात, पण ती पाहणी ग्रामीण भागाची. आपण पडलो महापालिकेत. 'परख'ची पाहणी ४ डिसेंबर २०२४ ला झाली, तीही निवडक शाळांत, आणि निकाल जिल्ह्याचा. आता ठाणे जिल्हा म्हणजे मुरबाड-शहापूरचे पाडेही आले आणि मीरा रोडचे टॉवरही. त्यातून भाईंदरच्या शाळेचं काय कळणार? उरल्या शाळेतल्याच चाचण्या. तिथे शिकवणारा तोच, तपासणारा तोच, आणि निकाल वाईट आला की जाबही त्यालाच. मग कागदावर सगळा वर्ग पुढे गेला तर नवल काय!

यात शिक्षकांना झोडपणं सोपं आहे. पण उत्तनच्या पोराची घरची बोली वेगळी, काशिमीऱ्याच्या पाड्यावरची वेगळी. भाड्याच्या खोलीतलं कुटुंब अकरा महिन्यांचा करार संपला की नालासोपाऱ्याला. जूनमध्ये बसलेलं पोर मार्चमध्ये त्याच वर्गात असेलच असं नाही. वर निवडणुकीची कामं आहेतच.

म्हणून दोनच मागण्या. चाचणी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने घ्यावी. आणि शाळानिहाय निकाल फलकावर लावावा, मुलांची नावं न टाकता, कुणाला शिक्षा न करता. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनी पुढच्या बैठकीत हे विचारावं.

तोवर आज रात्री एवढं करा. पोराला न वाचलेला धडा द्या, मोबाईलवर एक मिनिट लावा, शब्द मोजा, मग दोन प्रश्न विचारा. हातच्याची एक वजाबाकीही घाला. कमेंटमध्ये फक्त इयत्ता आणि शब्द लिहा. पोराचं नाव नको, शाळेचंही नको.