हाताचा कौल

भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि पोलादाच्या त्या नगरीत सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे रुग्णालयही उभे राहिले. दुखरे पोट घेऊन आलेल्या रुग्णाला तेथे प्रथम भेटतो तो शल्यविशारदाचा तळहात. आतड्याला छिद्र पडले की पोट फळीसारखे ताठरते. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात बहुधा श्वासपटलाखाली हवेची काळी कोर दिसते. मग विलंब घातक; पोट उघडून छिद्र बुजवावेच लागते.

पण छत्तीसगडात सिकलसेलही घरोघरी ठाऊक आहे. प्राणवायू उणावला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि पोटात तशीच जीवघेणी कळ उठते. तेथे सुरी अपाय करते. हवे असते सलाइन, वेदनाशामक आणि सबुरी. त्यातून अशाच रुग्णाला पित्ताशयात खडे होतात, आंत्रपुच्छही सुजू शकते. म्हणून तो हात तासातासाने त्याच जागी परततो. पोट मऊ, तर थांबायचे. ताठरले, तर शस्त्रक्रियागृह गाठायचे.

दाराबाहेर बसलेल्या आईला वाटते, डॉक्टर काहीच करीत नाहीत. त्या घटकेला ते सर्वांत अवघड काम करीत असतात.