हार्डडिस्कची कटकट

जुन्या हार्डडिस्कचा आवाज आठवतो का हो कुणाला? बटण दाबलं की आधी चढत जाणारा घूंऽऽऽ, आणि मग कट्-कट्-कटर्र... मशीन 'विचार करतंय' हे आवाजावरूनच कळायचं. माझ्या पिढीला हा आवाज अगदी शेवटी शेवटी ऐकायला मिळाला. पण जुनी मशीनं जपणाऱ्यांना विचाराल, तर त्यांना ती टाइमबॉम्बची टिकटिक वाटते!

कारण सोपं आहे. जुन्या पीसीत प्रोसेसर, रॅम वगैरे मंडळी जागेवरून हलत नाहीत. बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून खालचं सर्किट खाते हे खरं, पण ती वेळेत काढून टाकता येते. हार्डडिस्कचं तसं नाही. ती मिनिटाला हजारो फेऱ्या मारते आणि तबकडीच्या वर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर, हेड तरंगत असतं. पंचवीस-तीस वर्षांत वंगण आटतं, हेड तबकडीला चिकटून बसतं, काही ड्राइव्हच्या आतल्या रबराची तर अक्षरशः काकवी होते. बरं, तसा नवा ड्राइव्ह आता कुणी बनवतही नाही.

म्हणून फ्लॅश. सॅनडिस्कने १९९४ साली आणलेलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यातलं ते जाडसर, चौकोनी) इथे देवासारखं धावून येतं. 'ट्रू आयडीई' मोडमध्ये हे कार्ड मशीनशी थेट हार्डडिस्कच्याच भाषेत बोलतं. त्यामुळे मधला अ‍ॅडॅप्टर म्हणजे जवळजवळ नुसत्या तारा, एका बाजूला ५० पिना, दुसऱ्या बाजूला ४०. एसडी कार्ड लावायचं तर मध्ये दुभाषी चिप लागते. जुन्या मॅकिंटॉशमध्ये स्कझी ड्राइव्ह असायचे, त्यांच्यासाठी ब्लूस्कझीसारखे ओपन सोर्स बोर्ड मिळतात.

आता या सगळ्यात मी का पडलो ते सांगतो. बाबांचं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान होतं. ४८६ मशीन, विंडोज ३.१, पेजमेकर ५ आणि ४२० एमबीची डिस्क. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सत्यनारायणाची आमंत्रणं. त्याच डिस्कवर 'ओवी' नावाची एक डिरेक्टरी होती. आजी जात्यावरच्या ओव्या सांगायची आणि दुकानाचं शटर ओढल्यावर बाबा त्या टाइप करायचे. पुस्तक काढायचं होतं, ते राहूनच गेलं. आजी २००९ मध्ये गेली. कागदावर एक ओळ नाही. जे काही होतं ते त्या डिस्कवर.

नुसत्या फाइल्स उचलून भागत नव्हतं. हे युनिकोडच्या आधीचं मराठी. तेव्हा प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची स्वतःची सांकेतिक लिपी असायची, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर नुसता चिन्हांचा खच. शिवाय त्या काळचं बरंचसं मराठी सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला डोंगल लावल्याशिवाय उघडायचंच नाही. आमचंही तसंच. थोडक्यात, ओव्या टिकवायच्या तर ते मशीनही टिकवायला हवं.

पहिलं काम, डिस्कची कॉपी. यूएसबी कन्व्हर्टर इतक्या जुन्या ड्राइव्हला बहुधा ओळखतच नाहीत, म्हणून आयडीई पोर्टवाला एक पेंटियम ४ शोधला आणि लिनक्सवर डीडीरेस्क्यू चालवलं. हा शहाणा प्रोग्राम आहे. आधी जे सहज वाचता येतं ते वाचून घेतो, अडलेल्या सेक्टरच्या नादी नंतर लागतो. चार-पाच सेक्टर गेले, 'ओवी' वाचली!

मग कार्ड. ४८६च्या बायॉसला १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टरच्या पुढे मोजता येत नाही. गुणिले ५१२ बाइट, म्हणजे साधारण ५२८ एमबी, संपलं. ३२ जीबीच्या कार्डाचा इथे काही उपयोग नाही. मामाच्या जुन्या कॅमेऱ्यातलं ५१२ एमबीचं कार्ड चपखल बसलं. इमेज जशीच्या तशी ओतली नाही, कारण कार्डाची भूमिती ड्राइव्हपेक्षा वेगळी असते आणि मग डॉस बूट होत नाही. त्याच मशीनवर एफडिस्क, फॉरमॅट, कॅमेऱ्याचं कार्ड म्हणून एकदा 'एफडिस्क /एमबीआर', आणि मग फाइल्स कॉपी.

विंडोज काही सेकंदांत उघडलं. एकदम शांत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. डिस्कच्या दिव्याच्या पिनांना जोडायचं, कटकट असा खोटा आवाज काढणारं एक छोटं सर्किट मिळतं, ते मागवू का असं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "नको रे बाबा. तो आवाज थांबेपर्यंत पोटात गोळा असायचा, गिऱ्हाइकाचं काम सेव्ह झालं की नाही म्हणून." नॉस्टॅल्जिया आमचा, टेन्शन त्यांचं! :)

आता रविवारी आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. युनिकोड कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत घोळ घालतो. म्हणून बाबा ४८६च्या स्क्रीनवरून ओवी वाचतात आणि मी लॅपटॉपवर दुरुस्त करतो. कधी वाचता वाचता त्यांना चाल आठवते, मग दुरुस्ती बाजूला राहते...

फ्लॅशही अमर नाही म्हणा. त्यातला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो, वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं कार्ड कोरं निघू शकतं. म्हणजे हे कार्डही बदलावं लागणार. तसं बघितलं तर ओव्या आजीपर्यंत पोचल्या त्या कुठल्याच डिस्कशिवाय, या बाईच्या तोंडून त्या बाईच्या तोंडी. फिरत्या राहिल्या म्हणून राहिल्या.

असो. तुमच्याही घरात माळ्यावर, पलंगाखाली एखादा पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा असेल. दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याची डिस्क तेवढी काढून ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, "यात काय होतं?"