बोट लागली

मालवणात ‘बोट लागली’ म्हटलं की दोन अर्थ निघायचे. एक, बोट बंदरात आली. दुसरा, कुणाला तरी समुद्रात मळमळून ओकारी झाली. नवी बोट पहिल्यांदा येणार होती त्या रात्री दोन्ही गोष्टी झाल्या, फक्त क्रम चुकला.

तेव्हा मी शाळेत होतो. कोकण रेल्वे कुणाच्या स्वप्नातही नव्हती. एस.टी.ने मुंबईहून यायचं तर हाडं खिळखिळी व्हायची. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे चाकरमानी तिकडे आणि आम्ही इकडे. समुद्र निवळला की पहिल्या बोटीची वाट सुरू. रोहिदास, कोकण सेवक, कोकण शक्ती ही नावं घरात पाव्हण्यांच्या नावांसारखी घेतली जात. त्यात आता नवीकोरी बोट येणार, आणि आमचा काका तिच्यातूनच येणार, म्हटल्यावर झोप कसली!

धक्क्यावर आंब्याच्या पानांचं तोरण, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, ताशेवाले. किनाऱ्यालगत खडक असल्याने मालवणात बोट धक्क्याला टेकत नसे; बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून आणली जात. म्हणून स्वागत मंडळीही पडावातूनच निघाली: नारळ घेतलेले भटजी, दोन-चार प्रतिष्ठित आणि कप्तानासाठी झेंडूचा हार मांडीवर सांभाळत आमचे हेडमास्तर. वशिल्याने मी मागच्या फळीवर.

सिंधुदुर्गाचा तट काळोखात मागे पडला आणि बोट दिसली. म्हणजे दिवे दिसले. ओळीवर ओळ, एवढे दिवे आमच्या अख्ख्या पेठेत नसतील. भोंगा वाजला तेव्हा पोटात काहीतरी हललं. हेडमास्तरांच्या पोटात जरा जास्तच हललं. भरतीची लाट पडावाला वर न्यायची, बोटीचं दार समोर यायचं, हात पुढे करावा तोवर पडाव पुरुषभर खाली. तिसऱ्या खेपेला हेडमास्तर पडावाच्या कडेवर ओणवे झाले आणि हार पाण्यात गेला. आम्हाला वर्गात ‘ताठ बसा’ म्हणून ओरडणारा हा माणूस! भटजींनी प्रसंग ओळखून नारळ पडावाच्या नाळेवरच फोडला. निम्मी शकलं समुद्राला, निम्मी खलाशांना.

मग खरं काम सुरू झालं. दारातून ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं. खलाशी बायकांना दंडाला धरून, लाट वर आली की नेमक्या क्षणी ‘आता!’ म्हणून पडावात सोडायचे. ती वेळ साधणं मी पुढे कुठल्याच यंत्रात पाहिलं नाही. काका उतरला तो डिझेलच्या वासासकट. “काय पंखे आहेत रे डेकवर!” एवढंच म्हणाला.

धक्क्यावर आजी उभी होती. ती आयुष्यात कधी बोटीत बसली नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. त्यात आमचं कुणी नव्हतं, पण आजीला तेवढं पुरलं होतं. नव्या बोटीत बस म्हटलं की म्हणायची, “रामदास इसारलास काय रे?” त्या रात्री मात्र ती बत्तीच्या उजेडात प्रत्येक पडाव रिकामा होईपर्यंत हलली नाही. आपला मुलगा आला तरी दुसऱ्यांची माणसं मोजत राहिली.

सकाळी किनाऱ्यावर झेंडूची फुलं लागली होती, दोऱ्यासकट. मी ती घरी आणून हेडमास्तरांची फजिती रंगवून सांगितली. आजी हसली नाही.

“दर्यान घेतल्यान. तेचो मान पयलो,” म्हणाली, आणि काकाच्या ट्रंकेवरचं मीठ ओल्या फडक्याने पुसायला बसली.